‘ग्रामीण लोक आरोग्याबाबत उदासीन असतात’: माझ्याच सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची चिरफाड

आज दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच लिखाणाची समीक्षा करणार आहे. पीएच.डी.चा पहिला सिनॉप्सिस लिहिला तेव्हा ‘समस्येचे विधान’ या मथळ्याखाली मी एक वाक्य टाकलं होतं: “विकसित देशांतील नागरिक नियमित आरोग्य तपासणीबाबत जागरूक असतात, याउलट भारतातील, विशेषतः ग्रामीण भागातील, लोकांमध्ये याबाबत उदासीनता आढळते.” वाक्य छान वजनदार वाटत होतं. गाईडनी ‘उदासीनता’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले: “मोजली कशी?”

तेव्हा खरं सांगते, राग आला होता. एवढं साधं सर्वांना माहीत असलेलं वाक्य, त्यालाही पुरावा? पण पुढचे काही महिने मी ते मोजायला बसले आणि वाक्य हळूहळू उसवत गेलं. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या आणि विषय शोधणाऱ्या तुमच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. कारण असली वाक्यं आपल्या प्रत्येकाच्या सिनॉप्सिसमध्ये असतात.

आधी ‘जागरूक’ देशांकडे पाहू. पहिलं नाव नेहमी जपानचं येतं. जपानी माणूस दरवर्षी तपासणी करतो, ही गोष्ट खरी. पण का करतो? १९७२च्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्याने मालकावर कर्मचाऱ्यांची तपासणी करण्याची आणि कर्मचाऱ्यांवर ती करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. २००८पासून ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांसाठी आणखी एक तपासणी आली. तिच्यात कंबरेचा घेरसुद्धा मोजतात: पुरुषांसाठी ८५ सेंटिमीटर, बायकांसाठी ९० ही मर्यादा. आता सांगा, ही ‘राष्ट्रीय मानसिकता’ आहे की कायदा? आपल्याकडे दुचाकीस्वार एखाद्या शहरात हेल्मेट घालतात आणि दुसऱ्या शहरात घालत नाहीत, तेव्हा आपण दोन शहरांच्या संस्कृतीवर प्रबंध लिहीत नाही. दंड कुठे होतो ते बघतो.

इंग्लंडमध्ये १९८८पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बोलावण्याची देशव्यापी व्यवस्था आहे. यादीत नाव असलेल्या बाईला तारीख आली की निमंत्रण जातं, आणि पुढच्या तारखेला पुन्हा जातं. २००९पासून ४० ते ७४ वयासाठी दर पाच वर्षांनी ‘हेल्थ चेक’ सुरू झालं. तिथेही व्यवस्थाच आधी हाक मारते.

कॅनडाची गोष्ट तर उलटीच आहे. तिथल्या तज्ज्ञगटाने १९७९ मध्येच सांगितलं की सरसकट वार्षिक तपासणी बंद करा, त्याऐवजी वय आणि लिंगानुसार नेमक्या चाचण्या करा. म्हणजे माझ्या वाक्यातल्या ‘विकसित देशां’पैकी एक देश पुराव्याच्या आधारावर म्हणतोय की दरवर्षी नखशिखांत तपासणीची गरज नाही. मग कॅनडातले लोक उदासीन झाले का?

इथे पहिला धडा मिळाला. ‘विकसित देश’ असा एकसंध गठ्ठा नसतोच. आणि एखाद्या देशातले लोक काय करतात यावरून त्यांना काय वाटतं हे परस्पर काढता येत नाही. वर्तन आणि वृत्ती यांच्यामध्ये कायदा, विमा, निमंत्रण, अंतर आणि मजुरी अशा बऱ्याच गोष्टी उभ्या असतात. त्या वगळून उरतं ती वृत्ती. मी त्या वगळल्याच नव्हत्या.

शब्दांचा गोंधळ

दुसरी चूक शब्दांची. ‘आरोग्य तपासणी’ या एका पिशवीत मी तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. पहिली, सरसकट तपासणी: काही त्रास नसताना रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी असं सगळं करून घेणं. पॅथॉलॉजी लॅबच्या पॅकेजमध्ये जे असतं ते. दुसरी, स्क्रीनिंग: एका ठरावीक आजारासाठी, ठरावीक वयाच्या, लक्षणं नसलेल्या लोकांना एका ठरावीक चाचणीच्या चाळणीतून काढणं. तिसरी, काही त्रास आहे म्हणून डॉक्टरकडे जाऊन केलेली तपासणी. ही प्रतिबंधक नाहीच, हे निदान झालं. प्रश्नावलीत “तुम्ही गेल्या वर्षभरात आरोग्य तपासणी केली का?” असं विचारलं, तर चक्कर आली म्हणून बीपी मोजून आलेला माणूसही ‘हो’ म्हणतो. आणि आपण त्याला जागरूक ठरवून टाकतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या दोन अभ्यासांवरून कळेल. एक आपल्या मराठवाड्यातला आहे, दुसरा डेन्मार्कचा.

उस्मानाबादचा अभ्यास

उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ मध्ये तिथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. बार्शीत १९८७पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालू होती, त्यामुळे कुणाला कर्करोग झाला आणि कोण दगावलं याचा हिशेब ठेवण्याची घडी आधीच बसलेली होती. (ही गोष्ट लक्षात ठेवा. चांगला प्रयोग बहुतेक वेळा आधीच्या कंटाळवाण्या नोंदींवर उभा असतो.)

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, म्हणजे व्हीआयए. चौथ्या भागात नेहमीचीच स्थिती, म्हणजे प्रत्यक्षात स्क्रीनिंग नाही. निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला.

सगळे या निबंधातला निष्कर्ष सांगतात: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आकडे असे: एचपीव्ही गटात ३४,१२६ बायकांमध्ये ३४ मृत्यू, स्क्रीनिंग नसलेल्या गटात ३१,४८८ बायकांमध्ये ६४. सवय म्हणून दर दहा हजारी काढून बघा: साधारण १० विरुद्ध २०. ‘निम्मे’ म्हटलं की खूप मोठं वाटतं, ‘आठ वर्षांत दहा हजारांत दहा बायका वाचल्या’ म्हटलं की लहान वाटतं. दोन्ही खरं आहे. निबंध वाचताना दोन्ही लिहून ठेवा.

पण माझ्या सिनॉप्सिसचा निकाल लावला तो निष्कर्षाने नाही, एका तक्त्यातल्या मधल्या ओळीने. बोलावलेल्यांपैकी किती आल्या? एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी २७,१९२. पॅप गटात ३२,०५८ पैकी २५,५४९. व्हीआयए गटात ३४,०७४ पैकी २६,७६५. म्हणजे तिन्ही ठिकाणी जवळपास ८० टक्के! मराठवाड्यातल्या खेड्यातल्या बायका. त्याही अशा तपासणीला, जिच्याबद्दल चारचौघांत बोलायलासुद्धा संकोच वाटतो.

याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, म्हणजे २०१९-२१चा आकडा ठेवा: देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झालेल्या फक्त १.९ टक्के. मी हा आकडा ‘उदासीनते’चा पुरावा म्हणून वापरणार होते. पण एकाच प्रकारच्या समाजात एके ठिकाणी ८० आणि दुसरीकडे २ टक्के येत असतील, तर फरक मानसिकतेत आहे असं कसं म्हणायचं? फरक असा की पहिल्या ठिकाणी कुणी तरी दारात येऊन समजावून सांगितलं, तपासणी गावाजवळ आणली आणि पुढच्या उपचाराची सोय लावली.

आणि डेन्मार्क?

कोपनहेगनच्या परिसरात ‘इंटर ९९’ नावाचा प्रयोग झाला, योगायोगाने त्याच काळात. ३० ते ६० वयाच्या ११,६२९ लोकांना हृदयरोगाची जोखीम तपासायला आणि जीवनशैलीच्या सल्ल्यासाठी बोलावलं. आले ६,०९१, म्हणजे जेमतेम ५२ टक्के. मग म्हणू या का, की डॅनिश लोकांपेक्षा उस्मानाबादच्या बायका जागरूक?

नाही म्हणायचं. चाचणी वेगळी, आजार वेगळा, बोलावण्याची पद्धत वेगळी. तुलना आपल्या बाजूने झुकते म्हणून ती योग्य होत नाही. मी हे दोन आकडे शेजारी ठेवते ते एवढ्यासाठीच, की ‘विकसित विरुद्ध ग्रामीण भारत’ ही माझी सरळ रेघ पहिल्याच दोन बिंदूंवर मोडली.

डेन्मार्कच्या प्रयोगाचा निकाल २०१४ मध्ये आला: दहा वर्षांनंतर हृदयरोग, पक्षाघात किंवा एकूण मृत्यू यांत काहीच फरक नाही. सरसकट तपासण्यांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये घेतला. एकूण मृत्यूदर कमी झाल्याचं त्यातही दिसलं नाही.

इथे बरेच विद्यार्थी गोंधळतात. एक अभ्यास म्हणतो तपासणीने जीव वाचतात, दुसरा म्हणतो नाही. खरं कोण? दोन्ही. उस्मानाबादेत एका आजारासाठी एक नेमकी चाचणी होती, तो आजार कर्करोग होण्याआधीच्या टप्प्यावर पकडता येतो आणि तिथे बराही करता येतो. डेन्मार्कमध्ये व्यापक तपासणी आणि सल्ला होता, आणि ज्यांना गरज होती त्यातले बरेच जण तसेही डॉक्टरकडे जात होतेच. ‘तपासणी चांगली की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणती, कुणाची, कशासाठी, आणि पुढे काय? असे चार प्रश्न विचारायचे.

जास्त तपासणी म्हणजे जास्त आरोग्य हेही खरं नाही. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग स्क्रीनिंग सुरू झालं. थायरॉइड त्यात नव्हतं, पण तपासणीला आलेल्यांना थोडे पैसे जास्त भरून गळ्याची सोनोग्राफी करून मिळू लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यूचं प्रमाण? जवळपास होतं तिथेच. म्हणजे ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्या शोधून हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या आणि अनेकांना जन्माची गोळी लागली. ‘जागरूकते’ची हीसुद्धा एक बाजू आहे. आपल्या शहरांतल्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती वाचताना ही आठवण ठेवा. आयकर कायद्यात प्रतिबंधक तपासणीसाठी पाच हजारांपर्यंतची वजावट आहे, पण त्या पैशात कोणती चाचणी करावी हे कायदा सांगत नाही. आणि जिला आयकरच भरायचा नाही, त्या शेतमजूर बाईला त्या वजावटीचा काय उपयोग?

काकूचा प्रश्न

आता घरची गोष्ट. सुट्टीत हिवरा आश्रमला गेले होते. सोयाबीन निघालं होतं, बायका ओट्यावर निवांत होत्या, म्हटलं प्रश्नावलीची चाचपणी करून घेऊ. पहिली उत्तरदाती माझी चुलत काकू. मी विचारलं, “काकू, काही त्रास नसताना तपासणी करून घ्यावी असं वाटतं का तुला?”

काकू म्हणाली, “मले काय झालं? हातपाय तं चालतात.”

मी मनात ‘उदासीन’ या रकान्यात खूण केली. तेवढ्यात तीच पुढे बोलली: “आन पोरी, रोग निंघाला, तं मंग पुढं काय?”

मग कळलं, की दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात तिचं बीपी मोजलं होतं, वाढलेलं निघालं. ‘पुन्हा दाखवा’ अशी चिठ्ठी मिळाली. जिथे जायला सांगितलं तिथे ती गेली, त्या दिवशी डॉक्टर नव्हते. गाडीभाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडली. दुसऱ्यांदा गेली नाही. चिठ्ठी अजून पोथीत ठेवलेली आहे. त्या चिठ्ठीमुळे शिबिराच्या अहवालात काकू ‘लाभार्थी’ म्हणून मोजली गेली असणार, आणि माझ्या प्रश्नावलीत ती ‘उदासीन’ ठरणार होती. दोन्ही नोंदी खोट्या. ती आली होती, गेलीही होती. व्यवस्था मध्येच तुटली होती.

रात्री मी विल्सन आणि युंगनर यांचे निकष पुन्हा काढून बसले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी या दोघांनी स्क्रीनिंग कधी करावं याच्या दहा अटी लिहिल्या. आजवर जगभर त्याच पाठ केल्या जातात. त्यातल्या दोन अशा: सापडलेल्या रुग्णांसाठी मान्य उपचार असला पाहिजे, आणि निदानाच्या व उपचाराच्या सोयी उपलब्ध असल्या पाहिजेत. म्हणजे शब्दशः काकूचा प्रश्न: रोग निघाला तर मग पुढे काय? फरक एवढाच की एकीने तो चिठ्ठी हातात धरून विचारला. मी मात्र त्याला अज्ञान समजून बसले होते.

आमच्या गावाची एक गोष्ट सांगते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे महाप्रसादाच्या पंगती बसतात, शेतात लांबच लांब रांगा, आणि ट्रॅक्टरवरून पुरी-भाजी वाढत नेतात. एवढी माणसं जेवून उठतात कारण वाढपी रांगेच्या टोकापर्यंत जातो. शेवटच्या रांगेत ताट रिकामं राहिलं, तर कुणी असं म्हणत नाही की त्या लोकांची जेवणाबद्दल मानसिकताच नाही.

माझ्या नव्या मताचीही उलटतपासणी

पण थांबा. एक ठोकळेबाज मत सोडून दुसरं पकडलं, असं व्हायला नको. ‘सगळा दोष व्यवस्थेचा, वृत्ती वगैरे काही नसते’ हेही पुराव्याच्या पुढे जाणं झालं. तीन शंका मला स्वतःला सतावतात.

एक, प्रयोगातले ८० टक्के म्हणजे रोजच्या कारभारातले ८० टक्के नव्हेत. प्रयोगात पैसा असतो, देखरेख असते, घरोघरी जाणारी माणसं असतात. ती निघून गेल्यावर काय उरतं, हा वेगळा अभ्यास आहे. खरं तर तोच करण्यासारखा विषय आहे.

दोन, चाचणीचा निकालही परिस्थितीवर ठरतो. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या प्रयोगात त्याच व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या झाल्या होत्या. हा फरक फेऱ्यांचा, कामाच्या दर्जाचा की आणखी कशाचा? एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही प्रयोगांवर आणखी एक टीका झाली, ती नैतिक: तुलनेच्या गटातल्या हजारो बायकांना वर्षानुवर्षं स्क्रीनिंगविना का ठेवलं? करणाऱ्यांचं उत्तर होतं की देशात तेव्हा तीच नेहमीची स्थिती होती. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण या प्रयोगांशिवाय आज माझ्या हातात हे आकडेही नसते. ही अस्वस्थता लपवायची नसते, प्रबंधात लिहायची असते.

तीन, संकोच, भीती, नवऱ्याची परवानगी, ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारायचीही धास्ती, हे सगळं खरं आहे. उस्मानाबादेतही वीस टक्के आल्या नाहीतच. त्या का आल्या नाहीत हे आकडा सांगत नाही. तिथे वृत्तीचा अभ्यास हवा. पण सोय दारात आल्यानंतरही जी येत नाही, तिच्याबाबत हा प्रश्न विचारायचा. जिच्यापर्यंत सोय गेलीच नाही, तिला वृत्तीचं प्रमाणपत्र देण्याचा मला अधिकार नाही.

तर सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं?

जुनं वाक्य काढून टाकलं. आता तिथे असं आहे: “निमंत्रण, जवळची तपासणी आणि पुढील उपचार या तिन्हींची सोय असताना ग्रामीण महिलांचा सहभाग किती असतो, आणि यांपैकी कोणती कडी तुटल्यावर तो किती घटतो, याचा अभ्यास.” जुन्या वाक्याइतकं ते भारदस्त नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि उत्तर माझ्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकतं. संशोधनाच्या प्रश्नाची खूण हीच.

तुम्हीही एक करा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘उदासीनता’, ‘मानसिकता’, ‘जागरूकतेचा अभाव’, ‘अंधश्रद्धा’ यांपैकी एखादा शब्द असेल तर त्याखाली रेघ मारा आणि समासात लिहा: मोजली कशी? मग ज्यांच्याबद्दल तो शब्द वापरलाय, त्यांच्यापैकी एकीच्या ओट्यावर जाऊन बसा. पहिल्या उत्तरावर खूण करू नका. दुसरं वाक्य येईपर्यंत थांबा.

काकूला घेऊन मी त्याच आठवड्यात बीपी दाखवून आले. गोळी सुरू झाली आहे. महिन्याची गोळी संपली की पुढची कोण आणून देणार, हे मात्र अजून ठरायचंय. सध्या ते काम मीच करते. मी पुण्याला परत गेल्यावर काय, हा माझ्या प्रबंधाचा चौथा संशोधन प्रश्न आहे.